हजार चौरस फुटांचे कार्यालय किती मोठे?

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने दोन-तीन वर्षांपूर्वी संगणकाचा छोटासा व्यवसाय सुरू केला. शहरातील एका नव्या व्यापारी इमारतीत त्याने तीन वर्षांच्या भाडेपट्ट्याने कार्यालय घेतले. करारात क्षेत्रफळ लिहिले होते १००० चौरस फूट आणि भाडे ठरले होते दर चौरस फुटाला महिना ६० रुपये, म्हणजे दरमहा ६०,००० रुपये. एका माणसाला टेबल-खुर्ची आणि येण्याजाण्याची वाट धरून साधारण ५० चौरस फूट जागा लागते, असा हिशेब करून त्याने २० टेबले बनवून घेतली. प्रत्यक्षात १२ टेबले मांडल्यावर खोली भरली! उरलेली ८ टेबले भिंतीशी एकावर एक रचून ठेवावी लागली.

त्याने टेप आणून खोली मोजली. लांबी भरली ३२ फूट आणि रुंदी २० फूट. गुणाकार ६४० चौरस फूट. पुन्हा मोजली, तेवढीच भरली. त्याच संध्याकाळी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, तुम्ही आम्हांला मापनाचे धडे दिलेत. मग मला एक सांगा, फूट लहान झाला की माझा टेप खोटा?"

"अरे, दोन्ही नाही," मी म्हणालो. "पण तुझा प्रश्न चांगला आहे. आपण एकेक संशयित तपासू या."

विद्यार्थी मित्रांनो, ही तपासणी तुम्हीही आमच्याबरोबर करा. कागद-पेन्सिल जवळ ठेवा. कारण वरवर पाहता जी गोष्ट टेप आणि गुणाकार यांनी सुटावी असे वाटते, तिच्यात मापनशास्त्राचे एक मोठे तत्त्व दडलेले आहे.

पहिला संशयित : फूट

फूट लहान-मोठा होणे शक्य नाही. १९५९ सालच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार १ फूट म्हणजे नेमके ०.३०४८ मीटर. त्यावरून १ चौरस मीटर म्हणजे सुमारे १०.७६४ चौरस फूट होतात. (घाईत काही जण मीटरचे फूट करताना वापरायचा ३.२८ हा आकडाच क्षेत्रफळालाही लावतात. ही चूक करू नका. लांबीचा गुणक क्षेत्रफळासाठी दोनदा लावावा लागतो.)

समजा, करारातील फूट खरोखरच लहान आहे. ६४० खऱ्या चौरस फुटांचे १००० 'करारी' चौरस फूट व्हायचे असतील, तर तो करारी फूट किती लांबीचा असेल? ६४० भागिले १००० म्हणजे ०.६४. त्याचे वर्गमूळ ०.८. म्हणजे करारातला फूट १२ इंचांऐवजी ९.६ इंचांचा असायला हवा. असा फूट कोणत्याही दुकानात मिळत नाही. पहिला संशयित निर्दोष सुटला.

दुसरा संशयित : टेप

कोणतेही मापन पूर्णपणे अचूक नसते. टेप थोडा तिरका धरला, मध्ये झोळ पडला, भिंतीचा गिलावा एके ठिकाणी फुगलेला असला, तर अर्ध्या इंचाची चूक सहज होते. अर्धा इंच म्हणजे १/२४ फूट. लांबी आणि रुंदी या दोहोंतही एवढी चूक झाली, तर क्षेत्रफळात किती फरक पडेल?

लांबीतील चुकीमुळे पडणारा फरक : २० × १/२४. रुंदीतील चुकीमुळे पडणारा फरक : ३२ × १/२४. दोन्हींची बेरीज सुमारे २.२ चौरस फूट. म्हणजे ६४० मध्ये शेकडा एक-तृतीयांश इतकीच त्रुटी. (लांबीची सापेक्ष त्रुटी आणि रुंदीची सापेक्ष त्रुटी यांची बेरीज म्हणजे क्षेत्रफळाची कमाल सापेक्ष त्रुटी, हा नियम तुम्ही प्रयोगशाळेत वापरता. येथे ताळा करून पाहा.)

आता उष्णतेचा परिणाम पाहू. पोलादाचा रेखीय प्रसरणांक दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.००००१२ आहे. टेपवरच्या खुणा ज्या तापमानाला बरोबर असतात, त्याहून टेप २० अंशांनी जास्त तापला, तर ३२ फुटांमागे तो सुमारे ०.००७७ फूट, म्हणजे जेमतेम २.३ मिलिमीटर लांबेल. ताणलेला टेप खोली किंचित लहान दाखवेल हे खरे, पण क्षेत्रफळात त्यामुळे पडणारा फरक चौरस फुटाच्या एक-तृतीयांशाएवढाच.

खोलीचे कोपरे काटकोनात नसले तर? समोरासमोरच्या भिंती सारख्या लांबीच्या असूनही खोली समांतरभुज चौकोनासारखी कललेली असू शकते. ते ओळखण्याची गवंड्यांची युक्ती म्हणजे दोन्ही कर्ण मोजणे. काटकोन असेल तर दोन्ही कर्ण ३७.७४ फूट भरतील. कोपरा ९० ऐवजी ८५ अंशांचा असेल, तर एक कर्ण सुमारे ३६.२ आणि दुसरा सुमारे ३९.२ फूट भरेल. कर्णांत तीन फुटांचा फरक, पण क्षेत्रफळात? ८५ अंशांची ज्या म्हणजे साइन ०.९९६२ आहे. ६४० ला तिने गुणले तर ६३७.६ येतात. घट फक्त २.४ चौरस फुटांची.

मी माझ्याकडचा लेसर अंतरमापकही त्याला दिला. या उपकरणातून निघालेला लाल प्रकाशझोत समोरच्या भिंतीवर आपटून परत येतो. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर असल्याने भिंत १ मिलिमीटर दूर सरकली, तर जाऊन-येऊन जादा लागणारा वेळ असतो सेकंदाच्या एक लक्षकोटीव्या भागाच्या सुमारे पावणेसात पट. एवढा सूक्ष्म काळ सरळ मोजणे कठीण. म्हणून अशा बहुतेक उपकरणांत प्रकाशाची तीव्रता ठरावीक वारंवारतेने कमी-जास्त केली जाते आणि गेलेल्या व परतलेल्या लहरींमधील कलांतरावरून अंतर काढले जाते. या लेसरनेही उत्तर दिले ते जवळपास तेच : ६४० चौरस फूट.

टेप निर्दोष, लेसर निर्दोष. सगळ्या त्रुटी एकाच बाजूला झाल्या असे मानले, तरी पाच चौरस फुटांचा हिशेब लागतो. हरवले आहेत ३६० चौरस फूट! याचा अर्थ दोष मापनात नाही. तो मापनाच्याही आधीच्या पायरीवर आहे.

रेषा कोठे मारायची?

ती पायरी म्हणजे व्याख्या. "कार्यालयाचे क्षेत्रफळ" असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके कशापासून कशापर्यंतचे? भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून की आतल्या? मधला खांब धरायचा की वगळायचा? जिना कोणाच्या नावावर? हे ठरल्याशिवाय टेप जमिनीला लावण्यात अर्थ नाही.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हा प्रश्न मुळीच नवा नाही. दोन शेतांमधला बांध कोणाच्या क्षेत्रात मोडतो, यावरून किती भांडणे झाली आहेत, ते गावात कोणालाही विचारा. सातबाराच्या उताऱ्यावरही एकाच गटाचे लागवडीयोग्य क्षेत्र वेगळे आणि 'पोटखराब' क्षेत्र वेगळे लिहिलेले असते. पोटखराब म्हणजे त्या गटातीलच, पण खडक, ओढा, रस्ता अशा कारणांनी पेरता न येणारी जमीन. ती मालकाच्या नावावर असते, पण तिच्यात ज्वारीचे एक ताटही उगवत नाही. इमारतीलाही अशीच पोटखराब असते : भिंती, खांब, जिना, लिफ्टचा खड्डा, पाण्याच्या नळांचे उभे डक्ट. फरक एवढाच की सातबाऱ्यावर ती वेगळी दाखवलेली असते आणि कार्यालयाच्या जाहिरातीत ती बहुधा एकाच आकड्यात मिसळलेली असते.

एक मजला घेऊन हे नीट समजून घेऊ. वहीत ३० मीटर × २० मीटरचा आयत काढा. ही आपल्या कल्पनेतील इमारतीच्या एका मजल्याची बाहेरची कड. बाहेरच्या भिंती गिलाव्यासह २५ सेंटिमीटर जाड आहेत.

(१) बाहेरच्या कडेने मोजले तर क्षेत्रफळ ३० × २० = ६०० चौरस मीटर. हे झाले बांधकाम क्षेत्र.

(२) बाहेरच्या भिंतींच्या आतल्या बाजूने मोजले तर २९.५ × १९.५ = ५७५.२५ चौरस मीटर. नुसत्या बाहेरच्या भिंतींनी २४.७५ चौरस मीटर गिळले. म्हणजे एक लहानशी वर्गखोलीच!

(३) आता जिना आणि लिफ्ट यांचे ४८, स्वच्छतागृहाचे २०, सामाईक मार्गिकेचे २७ आणि विजेच्या व वातानुकूलनाच्या यंत्रांच्या खोलीचे १२, असे १०७ चौरस मीटर वगळा. उरले ४६८.२५.

(४) मधोमध उभे असलेले अर्धा मीटर × अर्धा मीटरचे १२ खांब वगळा. ३ चौरस मीटर गेले. उरले ४६५.२५.

(५) आतल्या खोल्या पाडणाऱ्या १५ सेंटिमीटर जाडीच्या, एकूण ५५ मीटर लांबीच्या भिंती वगळा. ८.२५ गेले. उरले नेमके ४५७ चौरस मीटर. यावर चटई अंथरता येईल.

(६) येथून उलट्या दिशेने चला. तळमजल्यावरचे प्रवेशदालन, पहारेकऱ्याची खोली, जनित्राची खोली वगैरे मिळून २४० चौरस मीटर जागा आहे आणि वर कार्यालयांचे ५ मजले आहेत. प्रत्येक मजल्याच्या वाट्याला ४८ आले. ते ६०० मध्ये मिळवले की झाले ६४८ चौरस मीटर. यालाच बाजारात 'सुपर बिल्ट-अप' क्षेत्र म्हणतात.

मजला तोच आहे. एकही वीट हललेली नाही. तरी त्याचे क्षेत्रफळ ४५७ पासून ६४८ चौरस मीटरपर्यंत काहीही सांगता येते, आणि प्रत्येक आकडा त्याच्या त्याच्या व्याख्येनुसार खरा आहे! चौरस फुटांत हा फरक २,००० हून अधिक भरतो. टेपची चूक अर्ध्या टक्क्याच्या आत राहते. व्याख्या बदलली की आकडा चाळीस टक्क्यांनी वाढतो.

एक शब्द, दोन अर्थ

"मग सरळ 'कार्पेट एरिया' विचारला की झाले," असे तुम्ही म्हणाल. मराठीत याला 'चटई क्षेत्र' हा सुंदर शब्द आहे. जेथे चटई अंथरता येते ते चटई क्षेत्र. पण या शब्दालाही फाटे आहेत.

भारतीय मानक आय.एस. ३८६१ हे इमारतींचे जोते क्षेत्र, चटई क्षेत्र आणि भाडेयोग्य क्षेत्र कसे मोजावे हे सांगते. त्यानुसार चटई क्षेत्र म्हणजे वापरायच्या खोल्यांचे, भिंती वगळून येणारे क्षेत्र. स्वच्छतागृहे, व्हरांडे, मार्गिका, जिना, लिफ्ट, वातानुकूलन यंत्रांची खोली हे सर्व त्यातून वगळलेले असते. उलट, २०१६ सालच्या स्थावर संपदा कायद्यात, ज्याला आपण 'रेरा' म्हणून ओळखतो, चटई क्षेत्राची व्याख्या वेगळी आहे. तीत बाहेरच्या भिंती, डक्ट, खाजगी बाल्कनी आणि खाजगी उघडी गच्ची वगळतात, पण आतल्या विभाजक भिंतींनी व्यापलेली जागा धरतात. आपल्या मजल्यावर स्वच्छतागृह कार्यालयाच्या आतच असेल, तर ते २० चौरस मीटर आणि आतल्या भिंतींचे ८.२५ चौरस मीटर, एवढ्यावरूनच दोन 'चटई क्षेत्रां'त सुमारे ३०४ चौरस फुटांचा फरक पडेल.

यात आणखी एका शब्दाची भर आहे. वर्तमानपत्रात तुम्ही 'चटई क्षेत्र निर्देशांक' वाचता. हा निर्देशांक म्हणजे सर्व मजल्यांवरील बांधकाम आणि भूखंडाचे क्षेत्रफळ यांचे गुणोत्तर. या बांधकामात भिंतीही धरलेल्या असतात. म्हणजे नावात चटई आहे, पण मोजणी चटईची नाही!

रेराच्या व्याख्येने एक मोठे काम केले. बांधकाम व्यावसायिकाकडून घर, दुकान किंवा कार्यालय विकत घेणाऱ्याला चटई क्षेत्र सांगणे बंधनकारक झाले. पण या कायद्याचा रोख मुख्यतः विक्रीवर आहे. दरमहा भाड्याने दिलेल्या कार्यालयाचे क्षेत्र कसे धरायचे, हे मालक व भाडेकरू यांच्या करारात जे लिहिले असेल त्यावर ठरते. मुंबईत नरिमन पॉइंट असो की वांद्रे-कुर्ला संकुल, कार्यालयांचे भाडे चौरस फुटाला महिना अमुक रुपये असे सांगण्याची रीत आहे. तो चौरस फूट चटईचा की सुपर बिल्ट-अपचा, हे विचारून घ्यावे लागते.

देशोदेशीच्या रीती

हा घोळ केवळ आपल्याकडचा आहे असे समजू नका. अमेरिकेत उंच कार्यालयीन इमारती उभ्या राहू लागल्या, तेव्हा तेथेही प्रत्येक मालक आपापल्या पद्धतीने मोजत असे. अखेर इमारतींचे मालक व व्यवस्थापक यांच्या संघटनेने, जिला संक्षेपाने 'बोमा' म्हणतात, १९१५ साली मोजणीची प्रमाण पद्धत प्रसिद्ध केली. पुढे तिच्यात वेळोवेळी सुधारणा झाल्या.

या पद्धतीतील एक नियम भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला गंमतीचा वाटेल. बाहेरच्या भिंतीपाशी रेषा कोठे मारायची? जमिनीपासून छतापर्यंतच्या उंचीत निम्म्याहून अधिक भाग काचेचा असेल, तर काचेच्या आतल्या पृष्ठभागापर्यंत मोजायचे. नसेल, तर भिंतीच्या आतल्या पृष्ठभागापर्यंत. आपल्या मजल्याच्या दोन्ही लांब बाजूंना मोठ्या खिडक्या आहेत आणि त्यांची काच भिंतीच्या आतल्या कडेपासून १५ सेंटिमीटर बाहेर आहे असे समजा. मग २९.५ × ०.१५ × २ = ८.८५ चौरस मीटर क्षेत्र वाढले. हे क्षेत्र खिडकीखालच्या बुटक्या भिंतीच्या पोटात आहे. त्यावर खुर्ची ठेवता येणार नाही, फार तर कुंडी ठेवता येईल!

ब्रिटनमध्ये अनेक वर्षे रुळलेल्या 'निव्वळ अंतर्गत क्षेत्र' या पद्धतीत खांब वगळतात. दीड मीटरहून कमी उंचीची जागाही वगळतात, कारण तेथे माणूस उभा राहू शकत नाही. बोमा पद्धतीत मात्र खांबांची वजावट नसते. म्हणजे आपले १२ खांब एका देशात भाडे देतात आणि दुसऱ्या देशात देत नाहीत.

एकाच कंपनीची कार्यालये अनेक देशांत असली की तुलना करणे कठीण होते. म्हणून २०१३ साली अनेक देशांतील व्यावसायिक संस्था एकत्र आल्या आणि २०१४ साली त्यांनी कार्यालयीन इमारतींसाठी आंतरराष्ट्रीय मोजणी मानक प्रसिद्ध केले. २०२३ साली ते सर्व प्रकारच्या इमारतींसाठी विस्तारले गेले. या मानकात एकच क्षेत्रफळ सांगत नाहीत. बाहेरचे, आतले आणि एका भाडेकरूच्या ताब्यातले अशी वेगवेगळी क्षेत्रे क्रमांक देऊन स्वतंत्र सांगतात. दोन भाडेकरूंमधल्या भिंतीची जाडी मधोमध विभागतात. अगदी सामाईक बांधासारखी!

सामाईक जागेचे पैसे का द्यायचे?

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. सामाईक जागेचा भार भाडेकरूवर टाकणे म्हणजे फसवणूक नव्हे. मार्गिका नसेल तर कार्यालयात शिरणार कोठून? तिच्या बांधणीला, दिवाबत्तीला, झाडलोटीला खर्च येतोच. प्रश्न इतकाच की तो खर्च वाटायचा कसा.

बोमा पद्धतीत ही वाटणी प्रमाणात होते. आपल्या मजल्यावरचे ४६८.२५ चौरस मीटर क्षेत्र दोन भाडेकरूंत ६०:४० या प्रमाणात विभागले आहे असे समजा. पहिल्याकडे २८०.९५ आणि दुसऱ्याकडे १८७.३० चौरस मीटर. जिना व लिफ्ट यांचा भाग ही पद्धत धरत नाही, कारण तो जमिनीला पडलेले भोकच आहे. राहिली मार्गिका, स्वच्छतागृह व यंत्रखोली, मिळून ५९ चौरस मीटर. त्यांतील ३५.४ पहिल्याच्या आणि २३.६ दुसऱ्याच्या वाट्याला जातील. दोघांचेही भाडेयोग्य क्षेत्र वापराच्या क्षेत्राच्या सुमारे १.१२६ पट होईल. पट दोघांना सारखी, म्हणून वाटणी न्याय्य.

अडचण होते ती भाडेकरूला ही पट सांगितलीच जात नाही तेव्हा.

टक्के कशाचे?

आणि सांगितली, तरी आणखी एक सापळा असतो. माझ्या विद्यार्थ्याचे आकडे घ्या : चटई क्षेत्र ६४०, करारातील क्षेत्र १०००.

६४० हे १००० च्या किती टक्के? ६४ टक्के. याला इमारतीची कार्यक्षमता म्हणतात.

१००० पैकी वाया गेले किती? ३६ टक्के. न्यूयॉर्कमध्ये याला 'लॉस फॅक्टर' म्हणतात.

६४० वर वाढवले किती? ३६० भागिले ६४०, म्हणजे ५६.२५ टक्के. आपल्याकडचे दलाल याला 'लोडिंग' म्हणतात.

३६ आणि ५६.२५ ही एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत. फरक आहे तो छेदाचा. पहिल्यात छेदस्थानी मोठे क्षेत्र आहे, दुसऱ्यात लहान. कोणी "छत्तीस टक्के जाते" असे म्हटले आणि ऐकणाऱ्याने ते लोडिंग समजून १००० ला १.३६ ने भागले, तर त्याला ७३५ चौरस फुटांची अपेक्षा राहील. हाती येतील ६४०. ९५ चौरस फूट, म्हणजे जवळजवळ दोन टेबलांची जागा, केवळ छेद चुकल्यामुळे गेली! टक्के ऐकले की "कशाचे टक्के?" हे आधी विचारावे. हे गणिताच्या शिक्षकांनी आपल्याला लहानपणीच शिकवलेले असते. पण व्यवहारात विसरते.

छेद लक्षात ठेवला की भाड्याची तुलनाही सोपी होते. समजा, एका इमारतीत दर १०० रुपये आणि कार्यक्षमता ७० टक्के आहे. दुसरीत दर ११० रुपये आणि कार्यक्षमता ८० टक्के आहे. स्वस्त कोणती? चटईच्या दर चौरस फुटामागे पहिलीत १०० ÷ ०.७० = १४२.८६ रुपये पडतात आणि दुसरीत ११० ÷ ०.८० = १३७.५० रुपये. जाहिरातीत महाग दिसणारी इमारत खरी स्वस्त निघाली. माझा विद्यार्थी ६० रुपये दराने भाडे देत होता. वापरातल्या जागेवर तो दर पडत होता ९३ रुपये ७५ पैसे.

व्याख्या आधी, आकडा नंतर

त्याने करार पुन्हा काढून वाचला. मागच्या परिशिष्टात एका ओळीत लिहिलेले होते : "क्षेत्रफळ सुपर बिल्ट-अप धरले आहे." खोटे कोणीच लिहिले नव्हते. त्याने ती ओळ वाचली होती, पण तिचा अर्थ विचारला नव्हता. तीन वर्षे त्याला तेच भाडे भरावे लागले. आठ टेबले त्याने कमी किमतीला विकली आणि ज्या चार जणांना कामावर घेण्याचा शब्द दिला होता, त्यांना "थोडे थांबा" असे सांगावे लागले. त्याला सर्वांत जड गेले ते हेच.

मुदत संपल्यावर त्याने दुसरी जागा घेतली. त्या वेळी मालकासमोर बसून त्याने तीन प्रश्न विचारले : क्षेत्रफळ कोठल्या रेषेपासून कोठल्या रेषेपर्यंत मोजले आहे? त्यात कायकाय धरले आहे आणि काय वगळले आहे? चटई क्षेत्राचा आकडा करारात लिहून देता का? मालकाने तिन्ही उत्तरे लेखी दिली. एवढ्यावर टेबलांची संख्या आधीच ठरवता आली.

प्रयोगशाळेत आपण एकक नसलेल्या आकड्याला गुण देत नाही. "लांबी ५" असे लिहिले की लाल रेघ येते. ५ काय? मीटर की सेंटिमीटर? त्याच न्यायाने व्याख्या नसलेल्या क्षेत्रफळालाही गुण देऊ नयेत. मापन पूर्ण होते ते तीन गोष्टींनी : काय मोजले, कोणत्या एककात मोजले आणि किती भरले. उपकरण कितीही अचूक असले तरी पहिल्या प्रश्नाचे उत्तर ते देत नाही. ते माणसांनी आपसांत ठरवायचे आणि लिहून ठेवायचे असते.

करून पाहा

१. आपला वर्ग आतून मोजा. नंतर दारा-खिडक्यांपाशी भिंतींची जाडी मोजून बाहेरच्या कडेने किती क्षेत्रफळ होते ते काढा. भिंतींनी शेकडा किती जागा घेतली?

२. वर्गाचे दोन्ही कर्ण मोजा. कोपरे काटकोनात आहेत का?

३. तुमच्या मजल्यावरचा व्हरांडा आणि जिना मोजा. तेवढ्या क्षेत्राची सर्व वर्गांत त्यांच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटणी करा. तुमच्या वर्गाचे 'सुपर बिल्ट-अप' क्षेत्र किती झाले? कार्यक्षमता किती आणि लोडिंग किती?

४. वर्गातील चार गटांनी, एकमेकांना न विचारता, "आपल्या वर्गाचे क्षेत्रफळ" मोजून फळ्यावर लिहावे. उत्तरे वेगळी आली तर कोणाची चूक हे शोधण्याआधी प्रत्येक गटाला विचारा : तुम्ही नेमके काय मोजलेत?